कुलूपवाल्याची जंगल सफारी

जंगलाला लागून असलेल्या एका तालुक्याच्या गावी तुळशीराम ढोमणे नावाचा कुलपांचा व्यापारी राहत होता. पेटीचं कुलूप, शटरचं कुलूप, सायकलचं कुलूप, सगळं त्याच्या दुकानात मिळे. कुलपं विकून स्वभाव तसा झाला, की स्वभाव तसा म्हणून तो कुलपं विकू लागला, हे गावात कुणाला सांगता येत नसे. एवढं मात्र खरं की तुळशीरामला सगळ्या जगाचा संशय यायचा.

दूधवाला हसून बोलला की त्याला वाटे, आज पाणी जास्त घातलं आहे. दूधवाला गप्प राहिला की वाटे, पकडलं जायची भीती आहे. डॉक्टरांनी औषध दिलं की तो दुसऱ्या डॉक्टरांना विचारी. दोघांचं एकच मत पडलं की दोघं आतून मिळालेले आहेत असं ठरवून घरी येई आणि सुंठेचा काढा पिई. लोक त्याला हसत. त्याचं त्याला काही वाटत नसे, कारण हसणाऱ्यांवरही त्याचा संशय होताच.

विश्वास म्हणून त्याचा एकाच माणसावर होता, बायकोवर. दुकान, राहतं घर, घरामागची जागा, सगळं त्याने यमुनेच्या नावावर करून ठेवलं होतं. आपल्या नावावर काही असलं की चार जणांचा त्यावर डोळा राहतो, असं त्याचं म्हणणं. यमुनेने यातलं काही मागितलं नव्हतं. तिची इच्छा एकच होती, आणि ती इच्छा कपाटात ठेवता येण्यासारखी नव्हती.

यमुनेचं माहेर बेहडझरी. हे गाव जंगलाच्या अगदी पोटात होतं. पुढे तिथे वाघांसाठी राखीव जंगल झालं. गावाला बाहेर सडकेलगत नवी जागा मिळाली, माणसं उठून तिकडे गेली आणि बेहडझरीवर गवत माजलं. आता तिथे पायी जायला कुणालाच परवानगी नव्हती. जायचं तर पर्यटकासारखं, सफारीच्या उघड्या जिप्सीत बसून. लग्न तालुक्यालाच लागलं होतं, आणि संशयापायी दुकान सोडवत नसल्यामुळे तुळशीरामने सासुरवाडी कधी पाहिली नव्हती. लग्नानंतर यमुनेचे चार-दोन सणवार तिथे झाले, मग गाव उठलं, आणि मग ती कधीच गेली नाही. आईवडीलही नव्या जागी फार दिवस टिकले नाहीत.

शेजारी शेषराव बोबडे राहत. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, बायको वारलेली, मुलगी पुण्याला. माणूस घरात बसून कंटाळलेला आणि लोकांच्या सहली ठरवून देण्याची भारी हौस. एका सकाळी ते वर्तमानपत्र बगलेत मारून आले आणि ओट्यावर बसले.

"वहिनी, बेहडझरीवरून जाणारा सफारीचा रस्ता पुढल्या मोसमापासून बंद होऊन राहिला," ते म्हणाले. "तिथं वाघिणीनं बस्तान मांडलं म्हणते. पाहायचं असन तर याच महिन्यात पाहून घ्या. मी सगळं ठरवून देतो. शनिवारी जाऊ, रविवारी वापस."

यमुना चहा गाळत होती. तिने गाळणी तशीच हातात धरून नवऱ्याकडे पाहिलं. ती कधी काही मागत नसे, म्हणून तिचं ते नुसतं पाहणंही तुळशीरामला मागण्यासारखं ऐकू आलं. तो हो म्हणाला. पण शेषरावांची पाठ वळताच त्याचं डोकं चालू झालं.

हा माणूस एवढी उठाठेव कशासाठी करतो? फुकट कुणी कुणासाठी पायपीट करतं का? आणि ही याच महिन्याची घाई कसली? घाई करणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतंच.

दुसऱ्या दिवशी त्याने सरळच विचारलं. "शेषराव, तुमचं यात काय आहे?"

शेषरावांना राग आला नाही. ते म्हणाले, "मी नवा कंडक्टर होतो तेव्हा बेहडझरीची मुक्कामी गाडी माझ्याकडे होती, भाऊ. पावसात गाडी फसली की वहिनींचे बाबा बोलवून नेत. त्या घरची भाकर खाल्ली आहे मी. मलेही एकदा पाहायचं आहे."

तुळशीरामने घरी येऊन यमुनेला विचारलं. ती म्हणाली, तेव्हा माझं लग्न होऊन गेलं होतं, मला कसं माहीत असणार? झालं. तुळशीरामने मनाशी गाठ मारली. साक्षीदार म्हणून हा नाव घेतो तेही मेलेल्या माणसाचंच, याचा अर्थ काय?

मग सहलीची तयारी सुरू झाली, आणि तिच्यासोबत तुळशीरामची चौकशीही. राहण्याच्या जागेचे फोटो शेषरावांनी मोबाइलवर दाखवले. हे फोटो दुसऱ्याच कुठल्या जागेचे असणार, म्हणून तुळशीरामने आवाज बदलून तिथे फोन केला आणि तुमच्याकडे साप निघतात का म्हणून विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, जंगल आहे, कधी निघतो. एवढं खरं बोलणारा माणूस आणखी मोठं काहीतरी लपवत असणार, अशी तुळशीरामची खात्री पटली. वाघ दिसेलच याची हमी आहे का, असंही त्याने विचारलं. हमी कुणीच देत नाही, असं उत्तर आलं. मग त्याने बाजारातल्या एका एजंटाला विचारलं. तो म्हणाला, शंभर टक्के दिसणार. तुळशीरामचा दोघांवरही संशय बसला.

आत जाताना मोबाइल गेटवरच जमा करावे लागतात हे कळलं तेव्हा तर तो जेवता जेवता थांबला. "फोटो काढू देत नाहीत म्हणजे आत काहीतरी गडबड आहे," तो म्हणाला.

"वाघाले आवाजाचा त्रास होत असन," यमुना म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

त्या दिवसांत ती कामं उरकता उरकता मधेच काहीतरी सांगू लागली होती. आमच्या घरासमोर कवठाचं झाड होतं. विहिरीच्या काठावर दोरानं खाचा पडल्या होत्या, त्यात बोट बसायचं. वाघ ओरडला की बाबा दार लावून घ्यायचे आणि आम्ही फटीतून पाहायचो, पण कधी दिसला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तुळशीरामने हे कधी ऐकलं नव्हतं. त्याला ऐकायला बरं वाटे. आणि लगेच वाटे, हिला एवढी आस लागलेली पाहूनच शेषरावाने डाव टाकला असणार.

तो डाव काय, ते त्याला शेवटी सापडलं. शेषराव म्हणाले, "भाऊ, बुकिंग करतो आता. तुमचे दोघांचे आधार कार्ड द्या. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा नंबर लागते."

तुळशीरामच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कार्ड. नंबर. दुकान, घर, जागा, सगळं यमुनेच्या नावावर. म्हणून हा माणूस बेहडझरी बेहडझरी करत होता तर.

"कार्ड सापडत नाही," तो म्हणाला. "नंबर तोंडी सांगतो. लिहून घ्या."

आपला नंबर त्याने बरोबर सांगितला, कारण आपल्या नावावर चोरण्यासारखं काही नव्हतं. यमुनेचा नंबर सांगताना त्याने शेवटचे आकडे फिरवले. शेषरावांनी कंडक्टरकीच्या सवयीने नंबर पुन्हा मोठ्याने वाचून दाखवला. "बरोबर ना, भाऊ?"

"बरोबर," तुळशीराम म्हणाला.

घरी येताना तो खुशीत होता. चोराला चाव्यांचा जुडगा दिला, पण त्यातली एकही चावी लागणार नाही अशी व्यवस्था केली, असं त्याला वाटत होतं. गेटवर काय, माणसं मोजतील आणि आत सोडतील, नंबर कोण बघतं? यमुनेला त्याने यातलं काही सांगितलं नाही. ती साड्या काढून बसली होती. जंगलात भडक रंग चालत नाही असं शेषरावांनी सांगितल्यामुळे तिने एक जुनी मातकट हिरवी साडी धुऊन इस्त्री करून ठेवली होती.

शनिवारी ते तिघं निघाले. राहायची जागा फोटोत होती तशीच निघाली. जेवण चांगलं होतं. तुळशीरामला कुठेच बोट ठेवायला जागा मिळेना, त्यामुळे तो अस्वस्थ होता. दुपारी उन्हं थोडी कलल्यावर ते गेटवर पोचले. जिप्सी उभी होती. गाईड म्हणून एक तरतरीत पोरगी आली आणि तिने सगळ्यांना नमस्कार केला. यमुना कधी नव्हे ती इतरांच्या आधी जिप्सीजवळ जाऊन उभी राहिली होती.

तुळशीरामची न सापडणारी दोन्ही कार्डं आता खिशातून निघाली. खिडकीत बसलेल्या माणसाने तिघांची कार्डं घेतली. शेषरावांचं परत दिलं. तुळशीरामचं परत दिलं. यमुनेचं हातात धरून तो कॉम्प्युटरकडे पाहत राहिला.

"बाईंचा नंबर जुळत नाही," तो म्हणाला.

शेषराव पुढे धावले. कुठे चूक झाली असेल, नाव तेच आहे, वय तेच आहे, जरा बघा. माणूस वाईट नव्हता. त्याने पुन्हा पाहिलं, वरच्या साहेबांना विचारून आला. शेवटी म्हणाला, "काका, वाईट वाटते, पण नंबर जुळल्याशिवाय आत सोडता येत नाही. आज-उद्याच्या सगळ्या गाड्या भरल्या आहेत. नवीन बुकिंगही होत नाही."

"मी इथलीच आहे जी," यमुना हळूच म्हणाली. "माझा जन्म बेहडझरीचा."

त्या माणसाने मान खाली घातली.

शेषरावांचा चेहरा उतरला. ते यमुनेपुढे हात जोडून उभे राहिले. "चूक माझी आहे, वहिनी. कान गेले आता माझे. गाडीच्या घंटीनं गेले. भाऊंनी बरोबर सांगितलं असन, मीच चुकीचं ऐकलं. आता काय तोंड दाखवू तुमाले?"

"जाऊ द्या, भाऊजी," यमुना म्हणाली. "होते असं. तुमी मुद्दाम थोडी केलं."

तुळशीराम दोन पावलांवर उभा होता. त्याची चूक दुसऱ्याने आपणहून डोक्यावर घेतली होती. त्याने नुसतं गप्प राहायचं होतं. घरी गेल्यावर शेषराव महिनाभर हळहळला असता आणि यमुनेने त्याला दोन वेळा चहा पाजला असता, की विषय संपला. तुळशीराम गप्प राहिलाही. पण शेषराव उपरण्याने डोळे पुसू लागले, आणि त्या रडण्यात त्याला कितीही शोधलं तरी खोट सापडेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एका परक्या माणसाचा संशय घेता आला नाही, आणि त्याला आपलीच लाज वाटली.

"नंबर मी चुकीचा सांगितला," तो म्हणाला.

"ऐकण्यात माझी गफलत झाली, भाऊ," शेषराव म्हणाले. "तुमी कशाले अंगावर घेता?"

"गफलत नाही. मुद्दाम सांगितला."

"काहून?"

तुळशीराम आपल्या चपलांकडे पाहू लागला. पण शेषराव आयुष्यभर माणसांची तोंडं पाहून कुणी तिकीट काढलं नाही ते ओळखत आलेले. त्यांना कळलं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं आणि एका झाडाखालच्या बाकावर जाऊन बसले.

यमुनेने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं आणि रागही दिसत नव्हता. ते तुळशीरामला जास्त लागलं.

"मीही जात नाही," तो घाईने म्हणाला. "आपण तिघंही वापस जाऊ."

"तुमी जा," यमुना म्हणाली. "तुमचा नंबर बरोबर आहे. आपल्यातलं कोणीतरी एक पाहून येईल. मी भाऊजींपाशी बसते."

"शेषराव, तुम्ही तरी चला," तुळशीराम म्हणाला. शेषरावांनी बसल्या जागेवरून नुसती मान हलवली. वहिनींना एकटं सोडून ते जाणार नव्हते.

अशा रीतीने तुळशीराम ढोमणे बायकोच्या माहेरी एकटाच निघाला. मागच्या मोठ्या सीटवर एकटाच बसला होता. पुढे ड्रायव्हर आणि गाईड. गेट मागे पडलं तसं त्याने वळून पाहिलं. मातकट हिरव्या साडीतली यमुना झाडाखाली अशी मिसळून गेली होती की ती चटकन दिसेना.

त्या दिवशी त्याला कुणाचा संशय आला नाही. गाईड म्हणाली हे बेहड्याचं झाड, तो म्हणाला हो. ती म्हणाली इथून रात्री अस्वल गेलं, तो म्हणाला हो. त्याचं एकच मागणं होतं, बेहडझरीला गाडी थांबवा. आणि मग जंगल उघडं झालं, पुढे पिवळं गवत पसरलं आणि गाईड म्हणाली, "काका, हेच गाव."

गाव म्हणजे नुसती जोती उरली होती. एकेका घराचं मातीदगडाचं जोतं, आणि त्यातून वर आलेलं गवत. तुळशीराम जिप्सीत उभा राहिला आणि बायकोच्या डोळ्यांनी पाहायचा प्रयत्न करू लागला. विहीर दिसली, वर लोखंडी जाळी होती. काठावर खाचा होत्या. तो हरखून गेला. मग त्याला कवठाचं झाड दिसलं. चांगलं मोठं झालेलं, फळांनी लगडलेलं. आणि झाडामागे ते घर, म्हणजे त्या घराचं जोतं.

दूर कुठेतरी चितळ ओरडलं. गाईडने हात वर केला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

कवठाच्या सावलीत, त्या जोत्यावर, एक वाघीण बसली होती. पुढचा एक पाय जोत्याखाली सोडून, दुपारची कामं उरकून बाई बसते तशी. तिने मान वळवून तुळशीरामकडे पाहिलं. त्याला भीती वाटली नाही. त्याच्या मनात एकच होतं, हे यमुनेला सांगायचं. बाबा दार लावून घ्यायचे त्याच दाराशी ती बसली आहे. फटीतून जी कधी दिसली नाही, ती. त्याने तिचे पट्टे, तिची शेपटी, तिच्या कानामागचे पांढरे ठिपके, सगळं डोळ्यांत भरून घेतलं. एकही गोष्ट सांगायची राहू नये म्हणून तो मनात पुन्हा पुन्हा उजळणी करत होता. थोड्या वेळाने ती उठली, आळस दिला आणि गवतात नाहीशी झाली. तुळशीरामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याने ते पुसलंही नाही.

संध्याकाळी जिप्सी गेटवर आली. शेषराव आणि यमुना बाकावरच बसले होते. शेषराव तिला तिच्या बाबांच्या काही जुन्या गोष्टी सांगत होते आणि ती हसत होती. तुळशीराम उतरून जवळजवळ पळतच त्यांच्याकडे गेला.

"यमुना, विहीर आहे," तो म्हणाला. "काठावर खाचा आहेत, तू म्हणाली तशा. कवठ आहे, केवढं मोठं झालं आहे. आणि ऐक, तुमच्या घराच्या जोत्यावर वाघीण बसली होती. कवठाखाली. पाय खाली सोडून. मी आपल्या डोळ्यांनी पाहिली."

यमुना ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. विहीर, खाचा, कवठ, हे सगळं तर तिनेच त्याला सांगितलेलं होतं. आणि त्यात आता एक वाघीण, तीही नेमकी तिच्याच दारात.

"तुमाले मले खूश करायचं आहे," ती म्हणाली. "कळते मले. पण असं काही रचून सांगू नका."

"रचून नाही सांगत. हिला विचार." त्याने गाईडला हाक मारली. "सांग ना गं यांना."

"हो मावशी, खरंच," पोरगी म्हणाली. "जोत्यावरच बसली होती वाघीण. काका तर रडून राहिले होते."

यमुनेने त्या पोरीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"सांगून ठेवलं असन तुमी तिले," ती म्हणाली.

शपथ घ्यावी, तर कुणाची? पुरावा द्यावा, तर कुठून आणावा? तो आजवर ज्यांच्या ज्यांच्यावर अविश्वास दाखवत आला होता, त्यांना त्या वेळी कसं वाटलं असेल हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. तो खरं बोलत होता, आणि जगातल्या ज्या एका माणसाने त्याचं ऐकावं असं त्याला वाटत होतं, त्या माणसाला ते खरं वाटत नव्हतं.

"चला, भाऊजी," यमुना म्हणाली. "उशीर झाला." आणि ती शेषरावांसोबत पुढे चालू लागली.

तात्पर्य: जो सगळ्यांचा संशय घेतो तो फसवणुकीतून वाचत नाही, त्याच्या स्वतःच्या शब्दाची किंमत मात्र जाते, आणि एक दिवस तो अगदी खरं बोलतो, तेव्हा त्याचं माणूसही त्यावर विश्वास ठेवत नाही.